यहोवा आणि ‘त्याची अशेरा’: प्राचीन इस्राएलमधल्या देवीपूजेचा पुरावा कसा वाचावा

प्रश्न असा आहे: प्राचीन इस्राएली लोक एकाच देवाला, यहोवाला, मानत होते असं आपण ऐकत आलो. मग यहोवाला अशेरा नावाची पत्नी होती असं जे अलीकडे सर्रास लिहिलं जातं, त्याला पुरावा काय आणि तो कितपत भक्कम?

आधी थेट उत्तर देतो. देवीची पूजा होत होती, याबद्दल आज जाणकारांत फारसा वाद उरलेला नाही. ती चोरून, रानात, परक्यांच्या नादाने होत होती असंही नाही. ती यहोवाच्या वेदीशेजारी आणि बराच काळ राजाच्या आश्रयाने होत होती. ‘पत्नी’ हा शब्द मात्र एकाही लेखात सापडलेला नाही. तो अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष आहे. तो कुठल्या पायऱ्यांनी निघतो हे बघितल्याशिवाय तो मानूही नये आणि झिडकारूही नये.

सुरुवात बायबलपासूनच करावी लागते. हिब्रू बायबलमध्ये ‘अशेरा’ हा शब्द 40 वेळा येतो. प्रत्येक ठिकाणी शेजारचं क्रियापद कोणतं आहे ते बघत गेलं की निम्मं काम होतं. अशेरा ‘लावू’ नये (अनुवाद 16:21), ती ‘तोडली’, ‘जाळली’, ‘उभी केली’, ‘उभी राहिली’. म्हणजे बहुतेक ठिकाणी ती लाकडाची, सरळ उभी, वेदीलगतची वस्तू आहे: खांब, कोरलेलं खोड किंवा जिवंत झाड. शास्ते 6 मध्ये गिदोन आपल्या बापाच्या, बआल या कनानी देवाच्या वेदीजवळची अशेरा तोडतो आणि त्याच लाकडावर बैलाचं होमार्पण करतो. अख्खा बैल जळायला पुरेल एवढं लाकूड तिच्यात असल्याचं कथा सांगणारा गृहीत धरतो, म्हणजे ती हातात धरायची लहान मूर्ती नव्हे. काही ओळींत मात्र ती स्पष्टपणे देवी आहे. 1 राजे 15:13 मध्ये राजमाता माका हिने ‘अशेरेसाठी’ एक ओंगळ वस्तू केली, म्हणून आसा राजाने तिचं राजमातेचं पद काढून घेतलं आणि ती वस्तू किद्रोन ओढ्याकाठी जाळली. 2 राजे 23:4 मध्ये तर बआल, अशेरा आणि आकाशातलं सैन्य (म्हणजे ग्रहतारे) यांच्यासाठी केलेली भांडी खुद्द यरुशलेमच्या मंदिरातून बाहेर काढावी लागली.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली तिच्यात आहे. राजांच्या पुस्तकांचे लेखक अशेरेचे कट्टर विरोधक. तरी त्यांच्याच मजकुरात कर्मेल पर्वतावर संदेष्टा एलीया बआलच्या 450 संदेष्ट्यांना संपवतो. अशेरेच्या 400 संदेष्ट्यांचा उल्लेख मात्र 1 राजे 18:19 मध्ये एकदा येतो आणि पुढे हिब्रू मजकुरात त्यांचं काय झालं ते कुठेच नाही. ती ओळ मागाहून घातली गेली असावी असं बरेच अभ्यासक मानतात. मग येहू राजा येतो. हा यहोवासाठी रक्त सांडणारा माणूस: उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन, तिथलं बआलचं देऊळ पाडतो, त्या जागेचं शौचकूप करतो. आणि त्याचाच मुलगा यहोआहाज गादीवर असताना 2 राजे 13:6 नोंदवतं की ‘अशेराही शोमरोनात उभी राहिली’. बआलचा पुरता नायनाट करणाऱ्याने अशेरेला हात लावला नाही. इस्राएलच्या पापांचा पाढा वाचणारे आमोस आणि होशेय हे आठव्या शतकातले संदेष्टेही तिचं नाव घेत नाहीत. त्या काळच्या यहोवाभक्तांना अशेरा यहोवाच्या विरोधातली वाटत नव्हती, हे मानल्याशिवाय या गोष्टींचा मेळ बसत नाही. अशेरा म्हणजे बआलची जोडीदारीण आणि कनानी शेजाऱ्यांकडून घुसलेली विकृती, हे चित्र नंतरच्या सुधारकांनी रंगवलेलं आहे.

दक्षिणेकडच्या यहूदा राज्याच्या राजधानीत, यरुशलेममध्येही तेच. हिज्कीया राजाने अशेरा तोडली, मनश्शेने तिची मूर्ती परत मंदिरात बसवली, योशियाने इ.स.पू. 622 च्या सुमारास ती मंदिरातून काढून किद्रोनजवळ जाळली, कुटून तिचं पीठ केलं आणि ते सामान्य लोकांच्या कबरींवर टाकलं. त्याच प्रसंगात मंदिराच्या आवारात बसून अशेरेसाठी विणकाम करणाऱ्या बायकांचा उल्लेख आहे (2 राजे 23:7). बहुधा त्या तिची वस्त्रं विणत असाव्यात. अभ्यासक राफाएल पताई यांनी राजांच्या कारकिर्दींची बेरीज करून असा हिशेब मांडला की शलमोनाचं मंदिर उभं असलेल्या साधारण 370 वर्षांपैकी 236 वर्षं अशेरा आत होती. आकडा लक्षात राहतो, म्हणून तो जागोजागी उचलला जातो. पण तो पूर्णपणे राजांच्या पुस्तकांतल्या कालगणनेवर आणि ‘उल्लेख नाही म्हणजे बदल नाही’ या गृहीतकावर उभा आहे. प्रमाण कळण्यापुरता वापरा, पुरावा म्हणून नको.

आता जमिनीतून निघालेल्या मजकुराकडे वळू. कुन्तिलेत अजरूद हे ठिकाण सिनाईच्या ईशान्य भागात, वाळवंटातल्या वाटेवर आहे. झेव्ह मेशेल यांनी 1975-76 मध्ये तिथे उत्खनन केलं. काळ इ.स.पू. 800 च्या आसपास. तिथे दोन मोठे रांजण मिळाले, प्रत्येक साधारण मीटरभर उंच. एकावर पत्राच्या थाटात आशीर्वाद आहे: ‘मी तुम्हाला शोमरोनच्या यहोवाच्या आणि त्याच्या अशेरेच्या नावे आशीर्वाद देतो.’ दुसऱ्यावर अमर्याव नावाचा माणूस आपल्या धन्याला ‘तेमानच्या यहोवाच्या आणि त्याच्या अशेरेच्या’ नावे आशीर्वाद देतो आणि पुढे म्हणतो, ‘तो तुला आशीर्वाद देवो, तुझं रक्षण करो, माझ्या धन्यासोबत असो.’ ‘शोमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा’ हे शब्द 2 राजे 13:6 च्या शेजारी ठेवून वाचा. यहोआहाजचा काळही इ.स.पू. 800 च्या आधीचाच, जेमतेम दोन दशकांच्या अंतरातला. बायबलचा विरोधक लेखक आणि वाळवंटातला भाविक वाटसरू एकाच वस्तूबद्दल बोलत असण्याची शक्यता खूप मोठी आहे. ग्रंथ आणि रांजण इतके जवळ येण्याचे प्रसंग या विषयात फार कमी आहेत.

खिर्बेत अल-कोम हे दुसरं ठिकाण हेब्रोनच्या पश्चिमेला सुमारे 14 किलोमीटरवर. विल्यम डेव्हर यांनी 1967 मध्ये तिथल्या थडग्यातला लेख उजेडात आणला, काळ इ.स.पू. आठव्या शतकाचा उत्तरार्ध. उरियाहू नावाच्या माणसाला यहोवाचा आशीर्वाद असो आणि ‘त्याच्या अशेरेद्वारे’ तो शत्रूंपासून वाचो, असा साधारण आशय. खाली बोटं जमिनीकडे केलेला हाताचा पंजा खोल कोरलेला आहे. दगड खडबडीत, त्यावर आधीचे ओरखडे आणि काही अक्षरं दोनदा गिरवलेली. त्यामुळे तिसऱ्या ओळीचा अर्थ प्रत्येक अभ्यासक थोडा वेगळा लावतो. प्रकाश एका बाजूने टाकला तर एक रेघ अक्षर वाटते, दुसऱ्या बाजूने टाकला तर तडा. म्हणून या लेखाचं एखादं गुळगुळीत, निःशंक भाषांतर समोर आलं तर थोडं सावध व्हा. ‘त्याची अशेरा’ हे शब्द मात्र तिथे आहेत, हे बहुतेकांना मान्य आहे.

दोन्ही लेखांतली माणसांची नावंही बघा. अमर्याव हे ‘-याव’ने संपतं, ही उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची धाटणी. उरियाहू ‘-याहू’ने संपतं, ही दक्षिणेकडच्या यहूदाची. म्हणजे हा प्रकार एका कोपऱ्यातल्या विचित्र पंथाचा नव्हता. दोन्ही राज्यांतल्या लोकांच्या तोंडी होता.

मग अडचण कुठे आहे? व्याकरणात. बायबलच्या हिब्रूत व्यक्तीच्या नावाला ‘त्याचा’, ‘माझा’ असा मालकीदर्शक प्रत्यय लागत नाही. ‘अशेरा’ हे देवीचं विशेषनाम असेल तर ‘त्याची अशेरा’ म्हणता येणार नाही. यावर तीन तोडगे पुढे आले. पहिला: इथे अशेरा म्हणजे देवी नव्हे, तिची लाकडी खूण, वस्तूला प्रत्यय बिनदिक्कत लागतो. दुसरा: झिओनी झेव्हिट यांच्या मते हा प्रत्यय नाहीच, देवीच्या नावाचाच ‘अशेराता’ असा लांबलेला उच्चार आहे. तिसरा: अशेरा हे इथे सामान्यनाम आहे, अर्थ ‘देवी’ किंवा ‘सहचारिणी’. पहिला तोडगा मला सर्वांत सरळ वाटतो. अमर्यावच्या आशीर्वादातली पुढची क्रियापदं एकवचनी पुल्लिंगी आहेत हेही त्याच बाजूने बोलतं: ‘तो’ आशीर्वाद देवो, ‘ते दोघं’ नव्हे. कर्ता यहोवाच आहे.

पण ‘ती फक्त वस्तू होती, देवी नव्हे’ एवढ्यावर थांबणारे विद्वान एक मोठी गोष्ट सोडून देतात. नवरात्रात घरी घट बसतात, तेव्हा आपण ‘देवी बसली’ म्हणतो; मातीचं मडकं आणि देवी यांची वेगळी मोजदाद कुणी करत नाही, आणि घटाला हात जोडणाऱ्याला ‘तू मडक्याला नमस्कार करतोस की देवीला’ असं विचारलं तर त्याला प्रश्नच कळत नाही. यहोवाच्या वेदीजवळचा लाकडी खांब ज्या नावाने ओळखला जात होता ते नाव देवीचं होतं, त्या खांबाच्या नावे आशीर्वाद दिला जात होता आणि शत्रूपासून रक्षण मागितलं जात होतं. आठव्या शतकातल्या भाविकाच्या मनात ती देवी किती स्वतंत्र होती आणि यहोवाच्या कृपेत किती विरघळली होती, यावर वाद होऊ शकतो. ती तिथे नव्हतीच, असं म्हणता येत नाही.

हे नाव देवीचं हे ठाऊक होतं ते उगारितमुळे. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या रास शामरा इथे 1929 पासून क्लोद शेफर यांनी खणलेल्या या नगरात मातीच्या पाट्यांवर लिहिलेली काव्यं मिळाली. त्यांत अथिरत ही देवांचा पिता एल याची पत्नी आहे, ‘देवांची जननी’ आहे, तिला सत्तर पुत्र आहेत. अथिरत आणि अशेरा ही एकाच नावाची दोन भाषांतली रूपं. बायबलमध्ये यहोवाने एलची नावं, पद, सभा सगळं आपल्याकडे घेतलेलं दिसतं. एलच्या घराबरोबर घरधनीणही आली, हे अनुमान त्यामुळे पटण्यासारखं आहे. ‘पत्नी’ हा शब्द येतो तो या वाटेने. मात्र उगारित इ.स.पू. 1185 च्या सुमारास उद्ध्वस्त झालं. अजरूदचे रांजण त्यानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी आणि शेकडो किलोमीटर दक्षिणेला रंगवले गेले. उगारितमधली प्रत्येक गोष्ट उचलून यरुशलेमला चिकटवणं ही या विषयातली सर्वांत नेहमीची चूक आहे.

दुसरी नेहमीची चूक अजरूदच्या चित्रांबद्दल. पहिल्या रांजणावर आशीर्वादाच्या खालीच दोन आकृत्या शेजारीशेजारी उभ्या आहेत, कमरेवर हात, डोक्यावर पिसांसारखा मुकुट. बाजूला एक बसलेली वीणावादक. लेखात यहोवा आणि त्याची अशेरा, चित्रात दोन आकृत्या, म्हणून ‘हेच ते जोडपं’ असं ठरवून हे चित्र हजारो ठिकाणी छापलं गेलं. चित्र जवळून बघा. लेखाची अक्षरं डावीकडच्या आकृतीच्या मुकुटावर चढली आहेत, म्हणजे चित्र आणि लेख ठरवून एकत्र मांडलेले नाहीत. पिर्हिया बेक यांनी रेषांचा बारकाईने अभ्यास करून ही चित्रं एकाहून अधिक हातांची असल्याचं दाखवलं. समोरून दिसणारा चेहरा, बुटका बांधा, सिंहासारखी आयाळ ही मिसरी रक्षक देव बेस याची ठरलेली लक्षणं आहेत. त्याच रांजणाच्या दुसऱ्या बाजूला सिंहाच्या पाठीवर एक झाड आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना पाय वर करून पानं खाणारे बोकड. अशेरेचं चित्र शोधायचंच असेल तर ते या झाडात शोधावं.

झाड, बोकड आणि सिंह ही त्रयी तानख इथल्या पूजापात्राच्या मातीच्या बैठकीवरही आहे. पॉल लॅप यांना 1968 मध्ये मिळालेली ही बैठक इ.स.पू. दहाव्या शतकातली, अर्ध्या मीटरहून थोडी उंच, चार थरांची. सर्वांत खाली दोन सिंहांचे कान धरून उभी नग्न स्त्री. तिसऱ्या थरात नेमक्या तशाच सिंहांच्या मध्ये झाड आणि बोकड. स्त्रीच्या जागी झाड येतं, हे इथे डोळ्यांनी दिसतं. रूथ हेस्ट्रिन यांनी हा धागा लाखीश या नगरातल्या मडक्यापर्यंत मागे नेला: इ.स.पू. तेराव्या शतकाच्या त्या मडक्यावर ‘एलत’ म्हणजे देवी या शब्दाच्या बरोबर खाली झाड काढलेलं आहे.

मातीच्या मूर्तींबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण संग्रहालयांत आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ‘अशेरा’ म्हणून त्याच दिसतात. यहूदात इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकात या स्त्रीमूर्ती घरोघरी होत्या. राझ क्लेटर यांनी 1996 मध्ये 854 नगांची यादी केली. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास एकट्या यरुशलेममधल्या. उंची साधारण वीतभर. कमरेखाली पाय नाहीत, खाली रुंद होत जाणारा खांब. छाती मोठी, हात तिच्याखाली किंवा तिच्यावर. धड हाताने वळलेलं. डोकं दोन तऱ्हांचं: साच्यातून काढलेलं, कुरळ्या केसांचं, खाली खुंटी ठेवून मानेत बसवलेलं, नाहीतर ओल्या मातीला दोन बोटांनी चिमटा काढून केलेलं, ज्यात फक्त नाक आणि दोन खोबणी दिसतात. भाजल्यावर चुन्याचा पांढरा हात आणि वर तांबडा-पिवळा रंग. बहुतेक मूर्ती मानेशी तुटलेल्या मिळतात. त्यावरून योशियाच्या माणसांनी त्या फोडल्या असं लिहिलं जातं. पण जोड दिलेली मान ही सर्वांत कच्ची जागा, ती आपोआपच आधी तुटते. मुद्दाम फोडल्याच्या खुणा क्लेटर यांना दिसल्या नाहीत.

या मूर्ती घरांत, विहिरींत, रस्त्यांवर, कचऱ्याच्या ढिगांत सापडतात, देवळांत क्वचित. त्यांच्या अंगावर शिंगं, मुकुट, सिंह असं देवत्वाचं चिन्ह नाही आणि नावही कोरलेलं नाही. त्या अशेरेच्या असतील, किंवा तिच्याकडे दूध, बाळंतपण आणि घराचं रक्षण मागणाऱ्या बायकांच्या प्रतिमा असतील. मला त्या घरगुती रक्षणासाठी ठेवलेल्या वाटतात. अशेरेशी त्यांचा संबंध शक्य आहे, सिद्ध नाही.

अरादच्या किल्ल्यातलं छोटं देऊळही या चर्चेत ओढलं जातं. तिथल्या गाभाऱ्यात दोन धूपवेद्या होत्या आणि दोन उभे दगड मिळाले, म्हणून दोन देवता, म्हणून यहोवा आणि अशेरा. पण दोन्ही दगड एकाच वेळी उभे होते का हेच पक्कं नाही. वेद्यांवरच्या काळ्या थराची तपासणी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली: एकीवर ऊद आणि प्राण्याची चरबी, दुसरीवर गांजा आणि शेण. पूजाविधी समजण्यासाठी ही माहिती फार मोलाची आहे, देवीच्या अस्तित्वाबद्दल ती काहीच सांगत नाही.

‘आकाशाची राणी’ ही वेगळी बाब आहे आणि तिला अशेरेत मिसळू नये. यिर्मया 7:18 मध्ये विधीचं चित्र आहे: पोरं लाकडं गोळा करतात, बाप चूल पेटवतात, बायका कणीक मळून राणीसाठी ‘कव्वानीम’ नावाच्या पोळ्या करतात. हा शब्द अक्कडी भाषेतल्या ‘कमानू’वरून आला, आणि तशी गोड पोळी मेसोपोटेमियात इश्तार देवीला वाहत. या राणीत इश्तार आणि कनानी अश्तार्त यांचं मिश्रण असावं, असं सूझन अॅकरमन यांचं मत, आणि ते मला पटतं. अध्याय 44 मध्ये यरुशलेम पडल्यावर मिसरात पळालेले लोक यिर्मयाला तोंडावर सांगतात की राणीला धूप आणि पेयार्पणं देत होतो तेव्हा पोटभर भाकर मिळत होती, ते बंद केलं तेव्हापासून तलवारीने आणि दुष्काळाने मरतो आहोत. आणि बायका म्हणतात, हे काय आम्ही नवऱ्यांच्या नकळत केलं? विरोधकाच्या ग्रंथात देवीभक्तांची बाजू त्यांच्याच तोंडून इतकी स्पष्ट दुसरीकडे कुठेही आलेली नाही. त्यांचा युक्तिवाद यिर्मयाच्या युक्तिवादासारखाच आहे: संकट का आलं, तर पूजा चुकली म्हणून. चूक कोणती, एवढ्यावरच दोघांचं पटत नाही.

इ.स.पू. 586 मध्ये यरुशलेम पडल्यानंतर यहूदातल्या त्या स्त्रीमूर्ती संपतात. पर्शियन काळात किनारपट्टीवर आणि दक्षिणेकडच्या इदोममध्ये मूर्ती मिळत राहतात, यहूदा प्रांतात जवळजवळ नाहीत. पण मिसरात, अस्वानसमोरच्या एलेफंटाइन बेटावर, यहुदी शिपायांची वसाहत आणि त्यांचं यहोवाचं देऊळ होतं. तिथल्या अरामी कागदपत्रांत इ.स.पू. 400 च्या सुमाराची वर्गणीची यादी आहे, माणशी दोन शेकेल. शेवटी वाटणी लिहिली आहे: यहोवासाठी 12 कर्श 6 शेकेल, एशेमबेथेल या देवासाठी 7 कर्श, आणि अनातबेथेल या देवीसाठी 12 कर्श. एका कर्शाचे दहा शेकेल. म्हणजे यहोवाला 126 आणि देवीला 120. तिथल्याच दुसऱ्या एका कागदात शपथ घेतली आहे ती ‘अनात-याहू’ची, देवीचं आणि यहोवाचं नाव जोडून. बेथेलची नावं शेजारच्या अरामी लोकांकडून आली असावीत, म्हणून या यादीवरून जुन्या यरुशलेमबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. मात्र यादीचं शीर्षक सांगतं की वर्गणी देणारे यहुदी होते आणि पैसे यहोवा देवासाठी दिले होते.